पाणी होते तेव्हा

दिवाळीचा पहिला दिवा आपण गाईसाठी लावतो. आश्विन वद्य द्वादशीची तिन्हीसांज होते, अंगणात गाय-वासरू उभे केले जाते, घरातली वडीलधारी बाई त्यांच्या पायांवर पाणी घालते, कपाळी हळदकुंकू लावते आणि निरांजन ओवाळते. शहरात गोठे राहिले नाहीत; तिथे पाटावर मातीची नाहीतर पितळेची गाय मांडून भागवतात, पण वसुबारस सहसा चुकत नाही. कित्येक घरांत त्या दिवशी दूध, ताक, तूप वर्ज्य असते. आजच्या दिवसाचे दूध वासराचे, आपले नव्हे, अशी त्यामागची भावना असावी.

यंदाच्या दिवाळीत वाचकांना ज्या गाईंची ओळख करून द्यायची आहे, त्यांच्या पायांवर पाणी घालायला मात्र कोणी नाही. त्या सहारा वाळवंटात उभ्या आहेत. अल्जीरिया देशाच्या आग्नेय टोकाला जानेत नावाचे एक ओअॅसिस आहे; खजुराची बने, थोडी मातीची घरे आणि भोवती उघडा डोंगर. त्या गावाच्या दक्षिणेला, तेगरगर्त नावाच्या जागी, वाळूतून एक एकाकी वालुकाश्माचा कडा वर आलेला आहे. त्याच्या पायथ्याशी कुणी अनामिक कारागिराने लांब शिंगांच्या गाई कोरल्या आहेत. माना खाली वळलेल्या, शिंगे एकमेकांत गुंतलेली आणि प्रत्येकीच्या डोळ्याखाली एक ठसठशीत थेंब. त्या भागातले लोक त्यांना रडणाऱ्या गाई म्हणतात. एक गुराखी आपले खिल्लार घेऊन नेहमीच्या पाणवठ्यावर आला, पाहतो तो पाणवठा कोरडा. तहानेल्या गाईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने तेच दगडावर कोरून ठेवले, अशी कथा ते सांगतात.

कथा खरी की खोटी, हे ठरवणे कठीण. पण तिच्यातला कोरडा पाणवठा मात्र अगदी खरा आहे, आणि त्याचाच इतिहास आज सांगायचा आहे.

जानेतच्या उशाशी जे पठार उभे आहे त्याचे नाव तासिली-न-अज्जेर. त्या मुलखातल्या तुआरेग लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ नद्यांचे पठार असा सांगतात. नाव ऐकून हसू यावे अशी तिथली स्थिती आहे. पठारावर नदी एकही वाहत नाही. आहेत त्या नद्यांच्या खुणा: खोल घळी, घासून गुळगुळीत झालेले काठ, आणि पाण्याने व नंतर वाऱ्याने कोरून काढलेले दगडांचे सुळके. हे सुळके शेकड्यांनी, हजारांनी एकमेकांशेजारी उभे असतात. त्यांच्यामधून वाटा निघतात, वळतात, चौकात मिळतात. एखाद्या ओसाड शहराच्या गल्ल्यांतून हिंडावे तसे माणूस तिथे हिंडतो. मधूनच एखादे सरूचे झाड दिसते. तुआरेग त्याला तारूत म्हणतात. या जातीची जेमतेम दोन-सव्वादोनशे झाडे आज जिवंत आहेत, आणि काहींचे वय दोन हजार वर्षांपलीकडचे आहे. त्यांच्या बिया पडतात, पण रुजायला ओल नाही. म्हातारी झाडे खोल मुळांवर तग धरून आहेत. त्यांच्या पोटी नवे रोप क्वचितच दिसते.

या पठाराचा संरक्षित भाग सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिश्श्याएवढा आहे. आणि त्यात, कड्यांच्या पोटातल्या ओसरीसारख्या कपारींमध्ये आणि घळींच्या भिंतींवर, पंधरा हजारांहून अधिक चित्रे आणि कोरीव आकृत्या आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

सहारातल्या या कलेची वार्ता युरोपला नीट कळली ती एका जर्मन विद्वानामुळे. हाइन्रिख बार्त हे त्याचे नाव. १८५० साली इंग्रज सरकारने सहारापार पाठवलेल्या मोहिमेत तो होता. रिचर्डसन हा पुढारी, ओव्हरवेग नावाचा दुसरा जर्मन सोबती. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, आजच्या लिबियातल्या एका घळीत मुक्काम पडला असता बार्तला खडकावर कोरलेल्या आकृत्या दिसल्या. त्यांत बैल होते, गाईंचा कळप होता, विचित्र मुखवट्यांची माणसे होती. नव्हता तो उंट. ज्या मुलखात उंटावाचून पाऊल टाकता येत नाही, तिथल्या चित्रांत उंटच नाही! बार्तने यावरून नेमका तर्क केला, की ही चित्रे अशा काळातली असली पाहिजेत जेव्हा इथे उंट आला नव्हता आणि माणसे गाईबैलांवर जगत होती.

तर्क बिनचूक होता. पण या मुलखात तर्काने तहान भागत नाही, हे थोड्याच दिवसांत त्याला कळले. घात गावाजवळ इदिनेन नावाचा डोंगर आहे. तिथे भुतांचा वास आहे, असे तुआरेग मानतात आणि त्याच्या वाटेला जात नाहीत. बार्त विद्वान, शिवाय एकोणतीस वर्षांचा. तो एकटाच निघाला. थोडे पाणी जवळ होते ते चढतानाच संपले, उतरताना वाट चुकली, अंगात ताप भरला. रात्र एका झाडाखाली पडून काढली. दुसऱ्या दिवशी ऊन चढू लागले तसा तो त्या निष्पर्ण झाडाच्या बोटभर सावलीबरोबर सरकत राहिला. अखेर घशाची कोरड असह्य झाली तेव्हा त्याने स्वतःचे थोडे रक्त चोखले. संध्याकाळी उंटावरून शोधायला आलेल्या एका तुआरेगाने त्याला पाहिले आणि पाणी पाजले. त्या एका घोटावर आफ्रिकेच्या इतिहासाचे पाच जाडजूड खंड उभे आहेत, कारण बार्त पुढे पाच वर्षे हिंडून १८५५ मध्ये परत गेला आणि त्याने आपला प्रवास लिहून काढला. रिचर्डसन आणि ओव्हरवेग मात्र परतले नाहीत.

तासिलीच्या चित्रांचा पुढचा अध्याय १९३३ सालचा आहे. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. ब्रेनान्स नावाचा फ्रेंच लेफ्टनंट उंटस्वारांची गस्त घेऊन पठाराच्या उत्तर अंगाच्या जेरात घळीत शिरला. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि त्यांवर कोरलेले हत्ती, गेंडे, जिराफ! सैन्यातला माणूस, पण त्याला चित्रकलेची आवड होती. त्याने वहीत रेखाटने केली आणि विद्वानांना खबर दिली. पाहायला जे आले त्यांत आंरी लोत नावाचा तिशीतला संशोधक होता. त्या घळीने त्याला जे वेड लावले ते जन्मभर सुटले नाही. मध्ये महायुद्ध आले, वर्षे गेली, ब्रेनान्सचेही निधन झाले. अखेर १९५६ साली लोत चार-पाच चित्रकार आणि एक छायाचित्रकार बरोबर घेऊन जानेतला येऊन दाखल झाला.

आता या मुक्कामाची थोडी कल्पना करू या. जानेतहून पठारावर चढायला दगडगोट्यांनी भरलेली घाटवाट आहे. उंट हा वाळूतला प्राणी. दगडात त्याचे पाय सोलवटतात, तोल जातो, पाठीवरचे ओझे कड्यावरून खाली जाते. अशा वाटेने कागदाच्या गुंडाळ्या, फळ्या, रंगाचे डबे, तंबू आणि धान्य वर न्यायचे. वर गेल्यावर पाणी मिळते ते खडकातल्या डोहात पावसाचे साठलेले; डोह आटला की पुढच्या डोहापर्यंत मुक्काम हलवायचा. हिवाळ्यात रात्री पाणी गोठावे अशी थंडी, उन्हाळ्यात दगड हात लावू देत नाही. वारा सुटला की चार माणसांनी धरलेला कागद शिडासारखा फुगतो. संध्याकाळी शेकोटीभोवती तुआरेग वाटाडे कणीक भिजवून जाड भाकरी थापतात आणि ती निखारे सारून तापलेल्या वाळूत पुरतात. वर पुन्हा निखारे ओढतात. आपल्याकडे शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात, त्याचाच हा दूरचा भाऊबंद म्हणायचा. वाळू झटकून ती भाकरी रश्शात कुस्करायची, आणि नंतर छोट्या पेल्यांतून तीनदा चहा. तिसरा पेला झाल्याखेरीज उठणे शिष्टाचाराला धरून नाही.

असे सोळा महिने काम चालले. चित्रावर कागद धरून रेषा उमटवायच्या, मग मूळ चित्राशी ताडून रंग भरायचे. जब्बारेन नावाच्या एकाच ठिकाणी लोतने पाच हजारांहून अधिक आकृत्या मोजल्या. जब्बारेन म्हणजे राक्षस, अजस्र पुरुष. तिथे जवळजवळ सहा मीटर उंचीची एक गोल डोक्याची आकृती आहे. लोतने गमतीने तिला मंगळावरचा देव असे नाव दिले. थट्टा अंगाशी कशी येते पाहा: काही वर्षांनी परग्रहावरून माणसे आली होती असे सांगणाऱ्या लेखकांनी तीच आकृती पुरावा म्हणून जगभर मिरवली.

१९५७ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले, तेव्हा लोक थक्क झाले. वाळवंट म्हणजे रिकामी जागा, असे सगळे धरून चालले होते. आणि इथे तर भिंतीभिंतीवर संसार मांडलेला! सर्वांत जुन्या थरांत रानटी जनावरे आणि ती गूढ गोल डोक्यांची माणसे. त्यानंतर गुराख्यांचा काळ. या चित्रांपाशी आपली पावले आपोआप थांबतात, कारण ती फार ओळखीची आहेत. तांबड्या, पांढऱ्या, काळ्याबांड्या गाईंचे कळप चालले आहेत. एकीसारखी दुसरी नाही, शिंगांची वळणे निरनिराळी. गुराखी मागून चालला आहे. बायका झोपडीच्या दाराशी बसून बोलत आहेत, पोरे भोवती आहेत. इहेरेन येथल्या चित्रात तर एक आख्खे बिऱ्हाड बैलांच्या पाठीवर लादून नव्या जागी निघाले आहे. नंतरच्या थरांत घोडे आणि रथ येतात, आणि अगदी शेवटी, गेल्या दोन हजार वर्षांतल्या चित्रांत, बार्तला न सापडलेला उंट येतो. गाई तोवर गेलेल्या असतात.

गाई का गेल्या? उत्तर आकाशात आहे. पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी या डुलण्यामुळे उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा जास्त ऊन मिळत होते. जमीन अधिक तापे, समुद्रावरचे वारे अधिक जोराने आत ओढले जात, आणि गिनीच्या आखातावरचा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा कितीतरी उत्तरेला, थेट सहाराच्या पोटात पोहोचे. त्या काळी आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊसही अधिक जोरकस होता. दोघे एकाच कुळातले. सहारात तळी भरली, गवत उगवले, हत्ती-गेंडे आले आणि मागोमाग गुराखी आले. मग आस डुलत पुढे सरकला, पाऊस दक्षिणेला हटत गेला, आणि आजपासून सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तो मुलूख कोरडा पडला. एकदम नव्हे, पाणवठ्यामागून पाणवठा. त्या ओल्या काळाचे शेवटचे वारस मात्र फार दिवस टिकले होते. तासिलीच्या डोहांत मगरी होत्या! पाच हजार वर्षे त्या डबक्यांत त्यांनी वंश राखला. तिथली अखेरची मगर १९२४ साली एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने मेली.

चित्रांतले गुराखी केवळ चित्रांतलेच नव्हते, याचाही पुरावा मिळाला आहे. तासिलीला लागूनच लिबियाच्या हद्दीत आकाकूस डोंगर आहेत. तिथल्या ताकरकोरी या कपारीत सापडलेल्या खापरांची रासायनिक तपासणी झाली, आणि २०१२ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या त्या मडक्यांत दुधाचे स्निग्धांश मुरलेले होते. आपल्याकडे दुधाचे मडके कितीही घासले तरी त्याचा वास जात नाही, हे आजीला ठाऊक असते. सात हजार वर्षांनीही तो जात नाही, हे आता शास्त्रज्ञांनाही ठाऊक झाले. या माणसांनी दूध काढले, तापवले, कदाचित विरजले. आणि पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी गवळ्यांच्या परंपरेत वाढलेले माली देशाचे विद्वान आमादू हाम्पाते बा यांना जेव्हा ही चित्रे दाखवली, तेव्हा काही चित्रांत त्यांना आपल्या समाजातले गाईंचे विधी ओळखू आले. हा अर्थ सर्व पंडितांना मान्य नाही. परंतु ज्याच्या घरी गाय आहे त्याला चित्रातली गाय अधिक बोलते, एवढे मानायला हरकत नसावी.

इथवर ही गोष्ट आनंदाची झाली. दिवाळीच्या अंकात इथेच थांबावे असा मोह होतो, पण इतिहासाला तसे थांबता येत नाही.

हजारो वर्षांच्या धुळीने आणि क्षारांनी चित्रे मंदावली होती. रेषा नीट दिसेनात, म्हणून लोतच्या माणसांनी भिंती ओल्या स्पंजाने पुसल्या. पाणी लागताच रंग उजळत, जणू काल काढले असावेत. लोतने स्वतःच आपल्या पुस्तकात हे मोकळेपणाने लिहिले आहे. त्यात काही गैर आहे असे तेव्हा त्याला वाटले नसावे. पुस्तक गाजले, मागून प्रवासी आले, आणि छायाचित्र चांगले यावे म्हणून त्यांनीही बाटलीतले पाणी चित्रांवर शिंपडले. प्रत्येक शिंपडणीबरोबर थोडा रंग सुटत गेला. कित्येक चित्रे आज त्या प्रतिकृतींपेक्षा फारच फिकट झाली आहेत. विपरीत पाहा: पाण्याच्या काळात जी जन्मली, पाच हजार वर्षांच्या दुष्काळाने जी जपली, त्यांना अखेर माणसाच्या हातातल्या पाण्यानेच पुसले.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी. प्रतिकृतींमध्ये पक्ष्यांच्या डोक्यांच्या सडपातळ देवींचे एक चित्र होते. ते हुबेहूब इजिप्तच्या वळणाचे, म्हणून लोतने त्यावरून इजिप्तशी संबंध जोडला. पुढे उघड झाले, की ते चित्र मुळात प्राचीन नव्हतेच. मोहिमेतल्याच कोणाच्या तरी कुंचल्याची ती करामत होती. चेष्टेत केले की कसे, कोण जाणे. पण ते पुस्तकांतून छापले गेले आणि वाचकांनी श्रद्धेने पाहिले.

मला या साऱ्या कथेत एकच माणूस पूर्ण जागच्या जागी वाटतो. जब्रीन अग मोहम्मद हा तुआरेग वाटाड्या. ब्रेनान्सला वाटा यानेच दाखवल्या, लोतलाही यानेच. कोणत्या घळीत पाणी आहे, कोणत्या वळणामागे चित्रांची भिंत आहे, हे त्याला पाठ होते. शोध कोणी लावला, असे विचारले तर पुस्तके लोतचे नाव सांगतात. जब्रीनच्या दृष्टीने हरवलेले असे काही नव्हतेच. मग सापडायचे काय?

आपल्याकडेही हेच घडले आहे. लोतचे प्रदर्शन पॅरिसला भरले त्याच १९५७ साली उज्जैनचे आपले मराठी संशोधक वि. श्री. वाकणकर यांना भोपाळजवळ आगगाडीच्या खिडकीतून काही विलक्षण खडक दिसले. ते उतरून तिथे गेले, आणि भीमबेटकाच्या चित्रित गुहा जगापुढे आल्या. वाकणकरांचे श्रेय मोठे आहे. परंतु त्या टेकडीला भीमाची बैठक हे नाव देणारे लोक त्यांच्या आधीपासून तिथे नांदत होते. कोकणच्या सड्यांवरची कातळशिल्पेही अलीकडच्या वर्षांत अभ्यासकांनी शोधून नोंदवली. गुरे चारणाऱ्या गावकऱ्यांना त्यांतली कित्येक आधीच माहीत होती. अभ्यासक येतो तेव्हा जगाला कळते, हे खरे. पण वाटाड्याच्या मागून चालताना त्याचा हातही थोडा धरावा, आणि भिंतीला हात लावण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे.

अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. १९७२ मध्ये तासिलीचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. उरलेली चित्रे आपल्या कपारींच्या ओसऱ्यांत पूर्वीसारखीच उभी आहेत. आस डुलतोच आहे. आणखी काही हजार वर्षांनी, आकाशाचा हिशेब चुकला नाही तर, पाऊस पुन्हा उत्तरेला सरकेल. तेगरगर्तच्या गाई तोवर वाट पाहतील. त्यांना सवय आहे.

यंदा वसुबारसेला गाईच्या पायांवर पाणी घालताना, मग ती गाय गोठ्यातली असो की पाटावरची, एक क्षण तिच्या त्या दूरच्या बहिणींची आठवण करावी. त्यांच्याही मालकिणीने कधीतरी त्यांची धार काढली होती, मडके चुलीवर ठेवले होते आणि दारात उभे राहून आभाळाकडे पाहिले होते. आपल्या कळशीत पाणी आहे. ते आहे तोवर जपून वापरावे, आणि सणाचा दिवा लावावा.